लिनक्स कर्नलचा प्रश्नसंच : एक भाषिक समीक्षा

प्रस्तावना :
लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ साली लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. १९९२ पासून तो जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध असल्याने त्याची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार सर्वांना आहे. परंतु अधिकार मिळणे आणि तो बजावता येणे या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात, कर्नल बांधण्यापूर्वी वापरकर्त्यासमोर येणाऱ्या प्रश्नसंचाचा एक लेखन म्हणून विचार केला आहे.

स्वरूप व मर्यादा :
'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा देताच पर्यायांची यादी उघडते. पर्याय हजारोंच्या घरात आहेत. पुष्कळ पर्यायांना तीन उत्तरे संभवतात : तो भाग कर्नलमध्येच समाविष्ट करणे, गरजेनुसार जोडण्याचे मॉड्यूल म्हणून ठेवणे अथवा वगळणे. ही उत्तरे 'डॉट कॉन्फिग' या फाइलमध्ये नोंदली जातात व त्यांनुसार कर्नल तयार होतो. ज्या डिस्कवर मूळ फाइल सिस्टीम आहे तिचाच ड्रायव्हर वगळला, तर नव्या कर्नलवर यंत्र सुरू होत नाही. उत्तराला असा प्रत्यक्ष परिणाम असणारे लेखन विरळाच.

बहुतेक पर्यायांना मदतीची टीप जोडलेली असते, हा या प्रश्नसंचाचा मोठा गुण. तथापि अनेक टीपा 'खात्री नसल्यास अमुक उत्तर द्या' अशा सल्ल्याने संपतात. त्यामुळे वाचकाची अडचण टळते, अज्ञान मात्र कायम राहते.

या टीपांचा अनुवाद करण्याची सोय कर्नलच्या रचना-साधनात पूर्वी होती. ती मोडकळीस आली असून कोणी वापरत नाही, या कारणास्तव २०१८ साली ४.१८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. निर्णय घेणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु दार बंद झाले ते कोणी ठोठावले नाही म्हणून, हे मान्य केले पाहिजे.

आपला परिसर :
सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापून 'कमवा व शिका' या तत्त्वास उच्च शिक्षणात स्थान दिले. तयार कर्नल सहज मिळत असता तो स्वतः कशाला बांधावा, असा आक्षेप घेतला जाईल. वापरापुरते तयार कर्नल पुरेसे आहेत. अध्ययनास ते पुरत नाहीत. स्वावलंबनाचे तत्त्व श्रमाइतकेच ज्ञानालाही लागू आहे.

समारोप :
संगणकशास्त्र व मराठी हे विभाग बहुधा एकाच आवारात असतात. दोघांनी मिळून दरवर्षी केवळ दहा पर्याय निवडावेत, आभासी यंत्रावर ते होकार-नकार देऊन तपासावेत आणि प्रत्येकाची मराठी टीप लिहावी. 'नाही' असे उत्तर देताना ते का दिले, हे विद्यार्थ्यास स्वभाषेत सांगता आले, तरच मुक्त संहितेचा अधिकार त्याच्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.