‘घाशीराम कोतवाल’ : पाळत, गुप्तता आणि लोकशाही

विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. नाना फडणविसांच्या चित्रणावरून उठलेल्या वादात या नाटकाची चर्चा दीर्घकाळ अडकून पडली. त्यातील राज्यसंस्थेची पाळत आणि गुप्तता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घाशीरामच्या अमलात रात्री परवान्याशिवाय बाहेर पडणे गुन्हा ठरतो, घरांच्या झडत्या होतात, छळ करून कबुली घेतली जाते. प्रजेचे खाजगी जीवन असे उघडे पडत असताना, पोटच्या मुलीच्या मोबदल्यात कोतवाली मिळाल्याचा मूळ व्यवहार मात्र झाकलेला राहतो. या दृष्टीने प्रयोगातील माणसांचा पडदा अर्थपूर्ण ठरतो. ज्यांच्यावर पाळत आहे, तेच पाठमोरे उभे राहून सत्तेला आडोसा देतात. परप्रांतीय ब्राह्मण कोठडीत मेल्यावर जमाव घाशीरामला ठेचतो. नाना सुरक्षित राहतो. नाना शिक्षेविना सुटतो, ही नाटकाची उणीव वाटू शकेल. वस्तुतः तेच त्याचे बलस्थान आहे. कोतवाल बदलला तरी आदेश देणारा पडद्याआडच राहतो, हे तेंडुलकरांनी नेमके ओळखले आहे.

नाना हा पेशवाईचा कारभारी होता. लोकशाहीत मात्र शासन जनतेला उत्तरदायी असते. दूरध्वनी चोरून ऐकणे हा खाजगीपणावरील गंभीर आघात असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले व त्यावर बंधने घातली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातील असे तीन आदेश बेकायदेशीर ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. तरीही आदेश गृहसचिवांचा आणि पुनर्विलोकन सचिवांच्याच समितीचे, ही रचना २०२४ च्या नियमांतही कायम आहे. त्यात न्यायाधीशाला स्थान नाही. शिवाय खटला झाला तरच पाळतीची माहिती बाहेर येते. उमरखेडच्या एखाद्या शेतकरी कार्यकर्त्याचे बोलणे ऐकले गेले आणि खटला भरलाच नाही, तर त्याला ते कळणार नाही. मग त्याने दाद मागायची कशाच्या आधारे?

सारांश, बेकायदेशीर पाळतीबद्दल केवळ कनिष्ठ अधिकाऱ्याला शिक्षा देणे म्हणजे घाशीरामला ठेचून नानाला मोकळे सोडणे होय. आदेशापूर्वी न्यायिक परवानगी आणि तपास संपल्यावर संबंधित नागरिकास सूचना, या दोन तरतुदी झाल्याशिवाय हा पडदा दूर होणार नाही.