साथीची उपमा आणि शिकागोचीं माणसें

एकाच शहराच्या एकाच दुःखाकडे लेखकानें अठ्ठावीस वर्षांच्या अंतरानें पुन्हां वळावें, असें क्वचितच घडतें. पहिल्या पुस्तकानें कीर्ति मिळाली म्हणजे लेखक बहुधा विषय बदलतो. आणि तें स्वाभाविकहि आहे. अ‍ॅलेक्स कॉट्लोविट्झ या अमेरिकन वृत्तलेखकाचें 'देअर आर नो चिल्ड्रन हिअर' हें पुस्तक १९९१ सालीं निघालें, आणि 'अ‍ॅन अमेरिकन समर' २०१९ सालीं. या दोहोंच्या मध्यें, २०११ सालीं, स्टीव्ह जेम्स या दिग्दर्शकाबरोबर त्यानें 'दि इंटरप्टर्स' हा सत्यघटनात्मक बोलपट केला. तिहींचा विषय एकच: शिकागो शहराच्या पश्चिम व दक्षिण भागांतल्या वस्त्या, तेथें बंदुकीनें मरणारीं तरुण मुलें, आणि त्या मरणाच्या शेजारीं राहून संसार करणारीं माणसें.

पहिलें पुस्तक हेन्री हॉर्नर नांवाच्या सरकारी इमारतींत राहणाऱ्या दोन भावांचें आहे. कथेच्या आरंभीं थोरला अकरा वर्षांचा, धाकटा नऊ. बाहेर गोळीबार सुरू झाला म्हणजे खिडक्यांपासून दूर, घराच्या मधल्या बोळांत जाऊन बसावयाचें, हें तेथल्या लेकरांना पाढ्यांप्रमाणें पाठ झालेलें असतें. लेखक रडत नाहीं व वाचकाला रडा म्हणून सांगतहि नाहीं. या संयमांतच पुस्तकाचें बळ आहे. पुढें उपसंहारांत तो कबूल करतो कीं, त्या मुलांना खासगी शाळेंत घालण्यास आपण साहाय्य केलें. वृत्तलेखकाच्या अलिप्ततेचा हा भंग आहे असें कांहीं टीकाकार म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. ज्या घरांत दोन-तीन उन्हाळे बसून वही भरावयाची, तेथून कोरड्या हातांनीं उठून जाणें हीच मोठी विकृति झाली असती.

बोलपटाचा विचार मात्र अधिक सावकाश केला पाहिजे. कारण त्याच्या मुळाशीं एक उपमा आहे, आणि ती साधी नाहीं. गॅरी स्लटकिन हा वैद्यकशास्त्रज्ञ क्षय, पटकी आणि एड्स यांच्या साथींशीं झुंजण्यांत, त्यांतहि कित्येक वर्षें आफ्रिकेंत, घालवून शिकागोला परतला. बंदुकीची हिंसाहि साथीसारखीच एकापासून दुसऱ्याला लागते, हें त्याचें प्रतिपादन. आणि साथ थांबवावयाची तर संसर्गाची वाट तोडली पाहिजे. या विचारावर 'सीझफायर' ही योजना २००० सालीं शहराच्या वेस्ट गारफील्ड पार्क या भागांत सुरू झाली. पूर्वी स्वतः टोळ्यांत वावरलेलीं, तुरुंग पाहिलेलीं माणसें तिनें हाताशीं धरलीं. कोणाचा सूड कोणावर उगवणार आहे याचा सुगावा लागतांच त्यांनीं मध्यें जाऊन उभें राहावयाचें.

या उपमेचा उपकार मोठा आहे. 'हे लोकच तसले' असें म्हणण्याची सोय ती काढून घेते. पटकी झालेल्याला कोणी पापी म्हणत नाहीं. पण वर्गांत या बोलपटाविषयीं बोलत असतांना माझ्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, रोगच म्हटला, तर मग अपराध कोणाचा?" मला त्या दिवशीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें बोलपट पुन्हां पाहिला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, उत्तर बोलपटांतच आहे. आणि तें उपमेच्या विरुद्ध आहे.

कोब विल्यम्स हा मध्यस्थ एका तरुणाला घेऊन एका केशकर्तनालयांत जातो. या तरुणानें पूर्वी तेथेंच पिस्तूल रोखून दरोडा घातला होता. शिक्षा भोगून आतां तो क्षमा मागावयास आला आहे. त्या दिवशीं मुलांसह तेथें सांपडलेली एक स्त्री त्याला आपली भीति सांगूं लागते. ती ओरडत नाहीं. सांगतच राहते, आणि तो मान खालीं घालून तें सारें ऐकून घेतो. साथीच्या शास्त्रांत या प्रसंगाला जागा कोठें आहे? जंतु कधीं क्षमा मागत नाहींत. दुसऱ्या एका प्रसंगीं, कोणी तरी पोलिसांना खबर दिली व आईलाहि बेड्या पडल्या, म्हणून पेटून उठलेल्या माणसाला कोब उपदेश करीत नाहीं; जेवावयास घेऊन जातो. राग तेवढा एक तास पुढें ढकलला जातो. ही लस नव्हे, ही शेजाऱ्याची युक्ति आहे. अमीना मॅथ्यूज ही एका गाजलेल्या टोळीप्रमुखाची कन्या. तिचा शब्द पोरें ऐकतात तो ती कोण आहे हें वस्तीला ठाऊक आहे म्हणून. योजनेचें शास्त्र कांहींहि असो, तिचें भांडवल ओळख हें आहे.

'अ‍ॅन अमेरिकन समर' हें पुस्तक २०१३ च्या एका उन्हाळ्याचें. १९९० ते २०१० या वीस वर्षांत शिकागोंत १४,०३३ माणसें मारलीं गेलीं आणि सुमारें ६०,००० गोळीनें जखमी झालीं, हे आंकडे देऊन लेखक त्यांच्याकडे पाठ फिरवतो आणि एकेका माणसाकडे वळतो. एडी बोकानेग्रा बोलपटांतहि आहे. कुमारवयांत हातून खून झाला, चौदा वर्षें तुरुंगांत गेलीं. पण कायद्यानें सोडल्यावरहि तो स्वतःला सोडूं शकत नाहीं. उपाय कोणता, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें लेखक आरंभींच सांगून टाकतो. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

तरीहि एक उणीव सांगितलीच पाहिजे. दोन पुस्तकांच्या दरम्यान शहरच बदलून गेलें. रॉबर्ट टेलर वसाहतीच्या सोळा-सोळा मजल्यांच्या २८ इमारतींपैकीं शेवटची २००७ सालीं पडली, कॅब्रिनी-ग्रीनची शेवटची उंच इमारत २०११ सालीं. हॉर्नरचे मनोरेहि गेले. माणसें पांगलीं. एंगलवूडची लोकसंख्या १९६० मध्यें सुमारें ९७ हजार होती, ती २०१० मध्यें तीस हजारांच्या आसपास आली. मोठ्या टोळ्या फुटून गल्लीगल्लीच्या झाल्या. २०१३ सालींच शहरांतल्या सुमारें ५० सरकारी शाळा बंद झाल्या. या घडामोडी दुसऱ्या पुस्तकांत पार्श्वभूमीला राहतात. शोक इतका जवळून दाखविला आहे कीं, तो कोणत्या रस्त्यावर घडला याचा कधीं कधीं विसर पडतो. आपल्याकडे जयंत पवारांचें 'अधांतर' पाहतांना तसें होत नाहीं. धुरींच्या घरांतल्या प्रत्येक भांडणाच्या मागें बंद पडलेली गिरणी उभी असते. नाटकाला जें साधलें तें वृत्तलेखकाला साधूं नये असें नाहीं. पहिल्या पुस्तकांत त्यालाहि तें साधलें होतें.

ज्यांना एकच पुस्तक वाचण्याची सवड आहे त्यांनीं म्हणून पहिलें वाचावें. आणि बोलपट मिळाल्यास तो अवश्य पाहावा. निदान त्या केशकर्तनालयापर्यंत तरी.