वर्दी कोणाची, निवाडा कोणाचा?

वृत्तवाहिन्यांवर आपल्याकडे जी टीका होते ती बहुधा त्यांच्या आवाजावर होते. अँकर ओरडतात, पाहुण्यांना बोलू देत नाहीत, चर्चेचा आखाडा करतात, अशी तक्रार पांढरपेशा वर्ग चहा पिता पिता करीत असतो. सभ्यतेच्या अंगाने केलेली ही टीका मला अपुरी वाटते. उद्या हेच अँकर मृदू आवाजात बोलू लागले तर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या पदरात काय पडणार आहे? दलित साहित्याने प्रस्थापित वाङ्मयाला एकेकाळी विचारले होते, हे कोण लिहितो, कोणाविषयी लिहितो आणि कोणाला वाचक धरून लिहितो? या पडद्यालाही तेच विचारले पाहिजे. येथे प्रश्न कोण करतो? उत्तर देण्यासाठी कोणाला उभे केले जाते? आणि निवाडा कोणाच्या तोंडून येतो?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा निवेदक बातम्या वाचीत असे. बातम्या सरकारी असत, त्यांतून पुष्कळ गाळलेले असे. पण वाचणारा स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नसे. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, केबल गल्लीबोळांत पोहोचली, २००७-०८ च्या सुमारास मराठीतल्या चोवीस तास बातम्यांच्या प्रमुख वाहिन्या उभ्या राहिल्या आणि निवेदकाची जागा अँकरने घेतली. अँकर म्हणजे नांगर. गलबत वाहवू नये म्हणून पाण्यात सोडतात तो. (दुसऱ्या नांगराशी आपल्या लोकांचा संबंध अधिक जवळचा, तोही परक्याच्या रानातला!) आता हा नांगरच गलबत ओढू लागला आहे. विषय तोच ठरवतो, आरोपीही तोच ठरवतो आणि साऱ्या देशाच्या नावाने जाब विचारतो. देशाने हे वकीलपत्र त्याला कधी दिले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा जाब विचारणारा कोण आहे? २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांमधल्या, निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याला शून्य. रोजच्या चर्चा चालवणाऱ्या ४० हिंदी आणि ४७ इंग्रजी अँकरांमध्ये दर चारांत तीन उच्चवर्णीय निघाले. दलित, आदिवासी किंवा ओबीसी एकही नाही. या दोन पाहण्यांच्या मध्ये देशात किती सरकारे बदलली, किती वाहिन्या निघाल्या नि बुडाल्या! हे शून्य तेवढे ढळले नाही.

या आकड्यांवरून आपले कार्यकर्ते जी मागणी करतात ती साधारणतः 'आम्हाला दाखवा' अशी असते. मागणी रास्त आहे, पण तिच्यात एक फसगत आहे. दलित माणूस पडद्यावर दिसत नाही हे पूर्ण खरे नव्हे. तो दिसतो. तो कोणत्या कामासाठी दिसतो, हे पाहिले पाहिजे.

माझे आजोबा महारकीच्या काळातले. गावात कोणी मेले की मर्तिकाची वर्दी घेऊन पाच-सात कोस चालत जायचे, रात्र असो की पाऊस. दाराबाहेर उभे राहून वर्दी सांगायची, भाकर मिळाली तर पदरात घ्यायची आणि परत फिरायचे. शिवेचा तंटा निघाला तर महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची. साक्ष देऊन तो चावडीच्या खाली उभा राही. निवाडा वर बसलेले देत. म्हणजे बातमी वाहून नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आमचेच होते. बातमी कोणती आणि तिचा अर्थ काय, हे ठरवणे आमच्याकडे कधीच नव्हते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. त्याच्या दोन वर्षे आधीच आमच्या लोकांनी धम्म स्वीकारून ही कामे झुगारायला सुरुवात केली होती.

आज पडद्यावर दलित माणूस याच दोन कामांसाठी उभा केला जातो. तालुक्याचा स्ट्रिंगर बातमीमागे मिळणाऱ्या पैशांवर मोटारसायकल पळवतो, मृतदेहाची दृश्ये पाठवतो, ती वर्दी. ज्या आईची लेक मारली गेली तिच्या तोंडापुढे सात-आठ बूम येतात आणि तिच्याकडून 'बाइट' घेतला जातो, ती साक्ष. नंतर रात्री नऊ वाजता चावडी भरते. तिथे पक्षाचे प्रवक्ते असतात, निवृत्त अधिकारी असतात, 'विश्लेषक' असतात. ती आई दुपारच्याच दृश्यात पुन्हा पुन्हा रडत राहते, आवाज बंद करून.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. मराठी माध्यमांना त्याचे गांभीर्य कळायला महिना लागला. सुरुवातीला जे छापून आले त्यात अनैतिक संबंधांची कुजबुज होती. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर ढकलून दिले की जातीचे नाव घ्यावे लागत नाही! नोव्हेंबरात विदर्भातील दलित रस्त्यावर उतरले तेव्हा कॅमेरे आले. ३० नोव्हेंबरला, कानपूरमधील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि ते दृश्य देशभर फिरले. चार प्रेतांना जे जमले नाही ते जळक्या डब्यांना जमले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा या खुनांना लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. जातीचा गुन्हा जातीचा ठरला नाही, हा खरा चर्चेचा विषय होता. त्यावर किती रात्री चावडी भरली?

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. विद्यापीठाने त्याच्यावर आणि त्याच्या सहकाऱ्यांवर केलेली कारवाई, बंद झालेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातून बाहेर काढणे, हे विषय चर्चेत होते. थोड्याच दिवसांत त्यांना बाजूला सारून एकच प्रश्न पुढे झाला, तो दलित होता का? मेलेल्या मुलाकडे जातीचा दाखला मागणारी ही चर्चा मी पाहिली आहे. माझ्यासारख्या, घराण्यात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या माणसाला तहसील कचेरीची खिडकी ओळखीची असते. त्या खिडकीतला आवाज आणि स्टुडिओतला आवाज यांत मला फरक जाणवला नाही.

हाथरसचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तेथे वाहिन्यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. १४ सप्टेंबर २०२० रोजी त्या मुलीवर हल्ला झाला. २९ तारखेला दिल्लीत ती वारली. त्या वेळी वाहिन्या तीन महिने एका नटाच्या मृत्यूत गुंतल्या होत्या. ती मुलगी पंधरा दिवस रुग्णालयात होती तेव्हा पडद्यावर तिला फारशी जागा नव्हती. पण पोलिसांनी मध्यरात्रीनंतर, घरच्यांना दूर ठेवून, तिचा देह जाळला तेव्हा तेथे हजर असलेल्या महिला प्रतिनिधीने ते टिपले नसते तर 'घरच्यांच्या संमतीने अंत्यसंस्कार झाले' हेच खरे ठरले असते. हे मोठे काम होते. पुढे मात्र काय झाले? गावाची नाकेबंदी झाली, प्रतिनिधींना अडवले गेले आणि त्या अडवणुकीचीच बातमी झाली. पोलिसांशी हुज्जत घालणारा वाहिनीचा प्रतिनिधी दिवसभर पडद्यावर, आणि मुलीचे घर नाक्याच्या पलीकडे! मार्च २०२३ मध्ये निकाल लागला. चारपैकी तिघे निर्दोष सुटले, एकाला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप झाली, बलात्काराचा आरोप टिकला नाही. २०२० च्या ऑक्टोबरातला तो संताप त्या दिवशी कोणत्या वाहिनीवर होता? मला तो आढळला नाही.

महाराष्ट्रात ३ जानेवारी २०१८ चा बंद आठवावा. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर दगडफेक झाली. बंदच्या दिवशी पडद्यावर प्रामुख्याने काय होते? रोखलेल्या लोकल, खोळंबलेले प्रवासी, 'सामान्य मुंबईकर वेठीस'. दगड खाल्लेला माणूस या 'सामान्य' शब्दात बसत नव्हता. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंचेही असेच होते. गर्दीची दृश्ये आणि वाहतुकीतील बदल येतात. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेणारी माणसे क्वचितच येतात.

याचा खुलासा टीआरपीने केला जातो. 'लोकांना हेच हवे असते' हे वाहिनीवाल्यांचे आवडते उत्तर. बार्क या संस्थेची मापकयंत्रे देशातील कोट्यवधी टीव्हीधारक घरांपैकी काही हजार घरांतच बसवलेली असतात. त्यांत आपली वस्ती किती आणि तिचे मत काय, हा वेगळा विषय होईल. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे हे आकडे जाहीर होणे बंद होते. सतरा महिने बाजाराचा तराजू फडक्यात बांधून ठेवलेला होता. तरी विषय बदलले नाहीत, पाहुणे बदलले नाहीत, गटारात गुदमरून मेलेला सफाई कामगार खालच्या पट्टीतून वर आला नाही. बाजार हे कारण आहेच. पण तराजू नसतानाही हात त्याच बाजूला झुकत असेल तर ती सवय बाजाराहून जुनी आहे, असेच म्हणावे लागते.

ही सवय भाषेतही आहे. माझी एक विद्यार्थिनी एका वाहिनीत चाचणीसाठी गेली होती. विषयाची तयारी चांगली, नजर धीट. तिला सांगण्यात आले, 'तुमचा ण कच्चा आहे, फील्डवर चालेल, डेस्कवर नाही.' फील्ड म्हणजे वर्दी आणि डेस्क म्हणजे चावडी, ही वाटणी इतक्या सहज बोलली गेली की बोलणाऱ्याला आपण काय बोललो हे कळलेही नसेल. 'पानी' म्हणणाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले होते, एवढे तरी मराठी वाहिनीला ठाऊक असायला हवे.

आपल्या कार्यकर्त्यांना आणि प्राध्यापक मित्रांनाही एक सांगायचे आहे, ते थोडे कडू लागेल. रात्रीच्या चर्चेतल्या चौकटीसाठी आपण फार धावतो. गाडी येते, चेहऱ्याला पावडर लागते, चाळीस मिनिटांत नव्वद सेकंद मिळतात आणि त्यांतले साठ 'तुम्ही हिंसेचा निषेध करता की नाही' याचे उत्तर देण्यात जातात. तेथे आपण साक्षीदारही उरत नाही. आरोपीचे जामीनदार होतो. तरी गावाकडे फोन जातो, 'आज मला पाहिलं का?' आणि आपल्याच तरुणांनी मोबाइलवर काढलेल्या वाहिन्या पाहाव्यात तर कित्येकांवर तीच लाल अक्षरे, तीच 'खळबळ', तेच ढणढणणारे संगीत. चावडी बांधण्याची हौस आपल्यालाही आहे! बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो 'केसरी'चा आवाज मोठा करून नव्हे. उत्तर प्रदेशात २००२ पासून ग्रामीण स्त्रिया, त्यांत अनेक दलित, 'खबर लहरिया' चालवत आहेत. त्या पोलीस ठाण्यात जाऊन फौजदाराला साध्या आवाजात विचारतात, गुन्हा का नोंदवला नाही? विचारणारी बाई खुर्चीसमोर उभी असते, तरी प्रश्न तिचा असतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात आणि या वर्षांत तेथे एकही ओबी व्हॅन फिरकत नाही. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील चार मुले जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात एका खटल्याच्या तारखांना जाऊन बसू लागली. आत चित्रण करता येत नाही, म्हणून बाहेर आल्यावर आवारातल्या लिंबाखाली उभे राहून ती तीन-चार मिनिटे सांगतात, आज कोण आले, कोण आले नाही, साक्षीदार का फिरला, पुढची तारीख कोणती. एकदा सरकारी वकीलच आले नव्हते. मुलांनी तेवढेच सांगितले, आवाज न चढवता. ते चित्रण तीनशे बारा लोकांनी पाहिले. त्यांत फिर्यादीचा मुंबईला मजुरी करणारा भाऊ होता. पुढच्या तारखेला तो खाडा करून आला.