छप्पर राहिलेली बाजू

एडविन लँडसिअरचं एक चित्र १८३४ साली लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं आणि तुफान गाजलं. बोल्टन अ‍ॅबीतलं जुन्या काळचं एक दृश्य, अशा अर्थाचं त्याचं नाव. मठाचा खाऊनपिऊन सुखी असा अधिपती, त्याच्यापुढे येऊन पडलेली शिकार, हरीण, पक्षी, मासे. चित्र काढून घेतलं डेव्हनशायरच्या ड्यूकने. बोल्टनची जमीन त्याच्याच घराण्याकडे होती. पुढे त्याच्या छापील प्रती निघाल्या आणि ‘जुना मठ म्हणजे असं असायचं’ ही समजूत इंग्रज मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगली गेली.

चित्र उत्तम आहे. लँडसिअरइतकं मेलेलं जनावर जिवंत करणारा चित्रकार विरळा. पण यॉर्कशरमधल्या बोल्टनला अ‍ॅबी कधीच नव्हती. तिथे प्रायरी होती, तिचा प्रमुख अ‍ॅबट नसून प्रायर होता, आणि आत राहणारे लोक मंक म्हणजे मठवासी नव्हते; ते ऑगस्टिनच्या नियमाने राहणारे कॅनन होते. गावाचं नाव आजही ‘बोल्टन अ‍ॅबी’ आहे, रेल्वे स्टेशनचंही. चूक इतकी जुनी झाली की ती पत्ता होऊन बसली. शब्दाच्या या चुकीमागे बघण्याची एक चूक आहे आणि ती कवी-चित्रकारांच्या दोन पिढ्यांनी केली, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

कॅनन म्हणजे एकत्र राहणारे, खाजगी मालमत्ता सोडलेले धर्मगुरू. जगापासून लांब जाऊन राहणं हे सिस्टर्शियन मठवासीयांचं ध्येय. कॅननांचं घर बहुतेकदा गावाला, किल्ल्याला, बाजाराला लागून असे. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या सरदारांना ही मंडळी फार सोयीची वाटली. मोठ्या बेनेडिक्टाइन मठाएवढा खर्च नाही, दहा-पंधरा माणसांचं घर थोड्या जमिनीवर उभं राहतं, आणि सरदाराच्या ताब्यातली गावोगावची चर्चं त्यांना देऊन टाकली की पुण्यही लागतं. अशी सुमारे दोनशे घरं झाली. बोल्टनची मंडळी आधी, ११२० च्या सुमारास, जवळच्या एम्बसे इथे बसली आणि ११५० च्या दशकात वॉर्फ नदीकाठी आली. स्किप्टन आणि किल्डविक इथल्या चर्चचं उत्पन्न त्यांच्याकडे होतं. वसईकडची ख्रिस्ती मंडळी पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. तो शब्द इथे फार नेमका बसतो: कॅननांचं पोट धर्मग्रामावर चालत असे आणि धर्मग्रामाची प्रार्थना कॅननांवर. हे नातं नेहमीच गोड होतं असं नाही. शेतकऱ्याच्या धान्याचा दहावा हिस्सा प्रायरीच्या कोठारात जायचा आणि गावाला मिळायचा तो एखादा स्वस्तातला पगारी धर्मगुरू.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये सगळे मठ बंद केले तेव्हा या नात्याचा हिशेब दगडात झाला. छपरावरचं शिसं काढून नेलं की चर्च दोन-चार पिढ्यांत पडतं. राजाच्या माणसांना शिसं आणि घंटा हव्या होत्या, बाकीचा दगड आसपासच्या लोकांनी नेला. पण ज्या चर्चमध्ये गावकरीही प्रार्थनेला येत, तिथला गावाचा भाग पाडणं अवघड होतं. पश्चिमेकडचं लांब दालन, म्हणजे नेव्ह, हे सामान्य लोकांचं. पूर्वेकडचा वेदीजवळचा क्वायर कॅननांचा. म्हणून बोल्टनला क्वायर उघडा पडला आणि नेव्हवर छप्पर राहिलं. लंडनजवळच्या वॉल्थमलाही नेव्ह राहिला. वॉल्सिंगहॅमला गावाचं वेगळं चर्च होतं. एवढ्या प्रसिद्ध तीर्थक्षेत्राची आता पूर्वेकडची एक भलीमोठी कमान तेवढी उभी आहे. गिझबरोला तेच: शेजारी गावाचं चर्च, म्हणून प्रायरीच्या वाट्याला फक्त पूर्वेची उंच भिंत. लंडनच्या स्मिथफील्डमधल्या सेंट बार्थोलोम्यूमध्ये उलटं घडलं. तिथे नेव्ह पाडला आणि क्वायर धर्मग्रामाला मिळाला. बाकीच्या भागांचं मग काय काय झालं! एका बाजूला लोहारकाम, आणि मेरीच्या चॅपेलमध्ये छापखाना, जिथे १७२५ मध्ये तरुण बेंजामिन फ्रँकलिनने काम केलं. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’मधलं फसलेलं लग्न ज्या चर्चमध्ये आहे ते हेच.

यावरून एक साधी गोष्ट कळते. यातलं काय पडलं आणि काय उरलं हे मुख्यतः निसर्गाने ठरवलेलं नाही. भग्नावशेषाची कडा जिथे संपते ती मालकीची रेघ आहे. बोल्टनमध्ये ती रेघ हात लावून बघता येते: नेव्ह आणि क्वायर यांच्यामध्ये नंतर उभारलेली भिंत. अलीकडे बाक, प्रार्थनापुस्तकं, पलीकडे गवत.

आपल्याकडे इंग्रजी साहित्य शिकलेल्या माणसाला अ‍ॅबी म्हटलं की वर्ड्स्वर्थची टिंटर्न आठवते. त्या कवितेत अ‍ॅबी शीर्षकाबाहेर कुठेच येत नाही, हा विद्यार्थ्यांना पडणारा जुना प्रश्न. टिंटर्न सिस्टर्शियनांची, एका बाजूला नदीकाठी, संपूर्ण बिनछपराची. तिला डोळ्यांआड करणं सोपं होतं, कारण तिथे दर रविवारी कोणी येत नव्हतं. बोल्टनला असं करता येत नाही, आणि वर्ड्स्वर्थला ते कळलं होतं, हे विशेष. १८०७ च्या उन्हाळ्यात तो तिथे गेला, क्रेव्हन भागाचा इतिहास लिहिणाऱ्या व्हिटेकरचं पुस्तक त्याने वाचलं, आणि ‘द व्हाइट डो ऑफ रिलस्टन’ ही दीर्घ कविता लिहिली. ती १८१५ मध्ये मोठ्या, महागड्या आकारात छापली गेली. फ्रान्सिस जेफ्रीने परीक्षणात तिची अशी वासलात लावली की आजही कवितेपेक्षा त्या परीक्षणाचं पहिलं वाक्यच जास्त लोकांना ठाऊक असतं.

जेफ्रीचं सगळं चूक नव्हतं. मधले सर्ग खरोखर रेंगाळतात. पण पहिला सर्ग त्याने नीट वाचला नसावा. सकाळी गावोगावची माणसं बोल्टनला जमतात, मोडक्या इमारतीच्या पोटात शाबूत राहिलेल्या भागात जातात, प्रार्थना सुरू होते. त्याच वेळी बाहेरच्या पडक्या भागात एक पांढरी हरिणी येते, कमानींच्या सावलीतून फिरते आणि एका थडग्यापाशी बसते. प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर येतात आणि ही कोण, का येते, यावर प्रत्येकजण आपापली गोष्ट रचतो. म्हातारा एक सांगतो, बाई दुसरंच समजते. इथे वर्ड्स्वर्थने जे साधलंय ते त्या काळच्या कोणत्याच चित्रकाराला साधलं नाही. भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी चालू आहेत. आत आवाज, बाहेर शांतता, आणि दोन्ही एकमेकांना ऐकू येतात.

मग कविता हरिणीच्या मागे जाते आणि भिंतीच्या अलीकडची माणसं हातातून सुटतात. गोष्ट १५६९ च्या उत्तरेकडच्या कॅथलिक बंडाची आहे. बंडात सामील झालेला बाप मरण्यापूर्वी मुलाला सांगतो, आपलं निशाण बोल्टनला नेऊन मेरीच्या वेदीवर ठेव. मुलगा नेताना मारला जातो. हा कवितेचा कणा, आणि इथेच मला ती अडते. १५६९ मध्ये प्रायरी बंद होऊन तीस वर्षं झाली होती. निशाण ठेवायचं कुठे? बापाची मागणी एका नसलेल्या जागेसाठी आहे. त्यात केवढी शोकांतिका होती! जुन्या धर्मासाठी मरणाऱ्याला आपला मठ गेल्याचं मान्य नाही आणि चालू आहे ते चर्च त्याला आपलं वाटत नाही. वर्ड्स्वर्थ या जागेला स्पर्श करतो, पण थांबत नाही. त्याला दुःख सोसून शांत झालेली मुलगी आणि हरिणी यांच्याकडे जायचं आहे. पडक्या भिंती तिथे सांत्वनाच्या कामाला लागतात. त्या कोणी पाडल्या हा प्रश्न वेलींखाली जातो.

बोल्टनवर त्याची आणखी एक कविता आहे, ‘द फोर्स ऑफ प्रेअर’. वॉर्फ नदी जिथे खडकांत अरुंद होते त्या स्ट्रिडवर उडी मारताना अ‍ॅलिस द रूमिलीचा मुलगा बुडाला आणि त्या दुःखातून आईने प्रायरी उभी केली, ही ती दंतकथा. प्रायरी बोल्टनला आणण्याच्या दस्तऐवजात त्या मुलाचं नाव आहे, हे व्हिटेकरनेच नोंदलं होतं. मेलेला मुलगा जमिनीच्या कागदावर संमती देत नाही. पण आईच्या दुःखातून उगवलेलं चर्च हे जमिनीच्या अदलाबदलीतून आलेल्या चर्चपेक्षा कवितेला नेहमीच जवळचं.

टर्नरनेही बोल्टन पुन्हापुन्हा रंगवलं. नदीचा वाकलेला काठ, झाडी, दूर उजेडात भिजलेल्या कमानी. जलरंगात दगड असा विरघळवणं दुसऱ्या कोणाला जमलं नाही. पण त्या उजेडात छपराखालचा भाग आणि उघडा भाग एकाच मायेने धूसर होतात. लँडसिअर निदान मठात माणसं तरी ठेवतो. त्याची अडचण अशी की ती माणसं फक्त घेताना दिसतात.

देतात काय, कसं जगतात, हे कळायला १९७३ साल उजाडावं लागलं. इयन कर्शॉ हे नाव आज हिटलरच्या चरित्रामुळे माहीत आहे. त्यांचं पहिलं मोठं काम बोल्टन प्रायरीच्या अर्थव्यवस्थेवर आहे, १२८६ ते १३२५ या काळातल्या जमाखर्चाच्या वहीवर आधारलेलं. रटाळ वाटेल असं पुस्तक: ओट किती पिकले, लोकर किती विकली, नोकरांवर किती गेलं. मला ते लँडसिअरच्या चित्राला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. १३१५ पासून उत्तर युरोपात पाऊस थांबेना, पिकं कुजली, जनावरांत साथ आली. बोल्टनच्या तीन हजारांवरच्या मेंढ्या दोन वर्षांत हजाराच्या खाली आल्या. त्यावर १३१८ आणि १३१९ मध्ये स्कॉटिश फौजांच्या धाडी. १३२० मध्ये घर चालवणंच अशक्य झालं आणि कॅननांना इतर मठांत पांगावं लागलं. हेन्रीच्या दोनशेवीस वर्षं आधी बोल्टन एकदा रिकामं होऊन बसलं होतं, ही गोष्ट कोणत्याही चित्रात नाही. शिवाय कर्शॉ कॅननांची बाजू घेत नाहीत. अडचणीतून सुटायला प्रायरी धर्मग्रामांच्या उत्पन्नाकडे वळते, तेही त्या आकड्यांत दिसतं. लँडसिअरचा मठाधिपती ढेरपोट्या म्हणून खोटा नाही. एकाच ऋतूत अडकलेला म्हणून खोटा आहे.

मराठी वाचकाला ‘ऑगस्टिन’ म्हटल्यावर जुन्या गोव्याचा तो एकटा मनोरा आठवणं साहजिक आहे. ते लोक वेगळे: फिरते, भिक्षेवर जगणारे ऑगस्टिनियन फ्रायर, कॅनन नव्हेत. पण शेवट एका ठिकाणी जोडला जातो. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे मठ बरखास्त केले. त्याची झळ पुढच्या वर्षी गोव्याला लागली, आणि १८४२ मध्ये तिथलं छत कोसळलं. त्याच हुकमाने कोइंब्राचा सांता क्रूझ हा कॅननांचा बाराव्या शतकातला मठही संपला. तिथलं चर्च मात्र धर्मग्रामाचं म्हणून चालू राहिलं, मठाच्या जागेत नगरपालिका आली, आणि शेजारच्या एका जुन्या चर्चमध्ये १९२३ पासून कॅफे आहे. कॉफी पिताना वर बघितलं की दगडी कमानी दिसतात.

मठ बंद होताना माणसांचं काय झालं, याबद्दल एकच नोंद. वॉल्थम हा सगळ्यात शेवटी, मार्च १५४० मध्ये शरण आलेला मठ. तिथल्या नोकरांत थॉमस टॅलिस हा संगीतकार होता. थकलेल्या पगाराचे वीस शिलिंग आणि बक्षीस म्हणून वीस, असे चाळीस शिलिंग घेऊन तो बाहेर पडला.

बोल्टनच्या शेवटच्या प्रायरचं नाव रिचर्ड मून. नेव्ह गावाकडे राहावा म्हणून त्याने टॉमस क्रॉमवेलशी बोलणी केली, असं सांगितलं जातं. त्याआधी, १५२० मध्ये, त्याने चर्चच्या पश्चिमेला मोठा मनोरा बांधायला घेतला होता. पाया घातल्याचा लेख त्यावर आहे, आणि स्वतःच्या आडनावाच्या जागी त्याने चंद्र कोरवून घेतला आहे. मून म्हणजे चंद्र, एवढीच कोटी. मनोरा पुरा झाला की मागची तेराव्या शतकातली दर्शनी भिंत पाडून नेव्ह त्याला जोडायचा बेत असावा. मनोरा अर्ध्यावर असताना प्रायरीच राहिली नाही. म्हणजे चित्रांत इतर पडझडीच्या रांगेत उभा असलेला तो बुटका मनोरा पडलेला नाहीच. तो बांधून व्हायचा राहिला. मागची जुनी भिंत त्यामुळे वाचली. मनोऱ्यावर छप्पर चढलं १९८४ मध्ये. आता चर्चमध्ये जाणारी माणसं त्याच्याखालून जातात आणि एके काळी उघड्यावर ऊन-पाऊस झेलणारी ती कोरीव भिंत त्यांना आत, छपराखाली भेटते.