व्हरांड्यावरून दिसणारी वस्ती

ब्रिटिश राजवटीचा वारसा म्हटला की आपली दृष्टी प्रथम इंग्रजी भाषा, कोट-पाटलोण, क्लब आणि घुमटांच्या इमारती यांकडे वळते. कथा-कादंबऱ्यांतूनही बहुधा याच खुणा शोधल्या जातात. आमच्या मते परक्या सत्तेचा टिकाऊ वारसा पेहरावात नसून मोजमापात आणि नोंदवहीत आहे. माणसास राहावयास किती जागा पुरे हे ठरविणारे ते मोजमाप, आणि तो माणूस अधिकृत की अनधिकृत हे ठरविणारी ती नोंदवही. गेल्या साठ वर्षांतील मराठी कथात्म वाङ्मयाने मुंबईच्या कडेकपारींतील जीवनाचे जे दर्शन घडविले, ते या कसोटीवर पारखून पाहावे, असे आम्हांस वाटते.

या मोजमापाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली शहर-सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले. पण प्रारंभीच्या वर्षांत जितकी माणसे उठविली तितक्यांना घरे दिली नाहीत. 1920 मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी उभारल्या. प्रत्येक चाळीत 80 खोल्या आणि प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. कामगाराचे कुटुंब एवढ्यात मावते, हा निर्णय तेथे राहावयाचे नव्हते अशांनी घेतला होता. स्वराज्य आले, तरी ही दृष्टी गेली नाही. सरकारी मराठीने गरिबांच्या वसाहतीला 'गलिच्छ वस्ती' असे नाव दिले, तेव्हा विशेषणातच निकाल देऊन टाकला.

1963 साली जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठी मध्यमवर्गाला झोपडपट्टीच्या आत नेऊन उभे करण्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. अम्मा, बेन्वा, लुका ही माणसे वाचकाच्या मनातून सहजी जात नाहीत. तथापि पुस्तक मिटल्यावर मनात उरते ती करुणा आणि काहीशी शिसारी. कादंबरीचे नावच सुचविते की हे दैवाचे फिरते चाक आहे. हे चाक कोणी बसविले, या माणसांना दुसरी जागा का नाही, हा प्रश्न तेथे पुरेशा जोराने उभा राहत नाही. लेखकाची सहानुभूती अस्सल आहे. पण तिची जागा व्हरांड्यावरची आहे.

'व्हरांडा' हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून योजलेला नाही. जयपूरच्या बनी पार्कात हे लिहीत असताना तो डोळ्यांपुढे असतो. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये आखून वसविलेल्या नगराच्या तटाबाहेर, रेल्वे स्थानक आणि कलेक्टर कचेरी यांच्या जवळचा हा भाग. येथील कित्येक जुन्या बंगल्यांची आता हॉटेले झाली आहेत. बंगल्याची जुनी घडण मात्र परिचित आहे: पुढे व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्या. येथील कचेऱ्यांत गरिबांच्या वसाहतीस 'कच्ची बस्ती' म्हणतात. शब्द 'गलिच्छ'पेक्षा सौम्य खरा. पण जी वस्ती कच्ची ठरली, ती पुसून टाकणेही सोपे ठरते. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावरून असे शब्द रोज जातात. म्हणून हे वाङ्मय आपणांस परके नाही.

'चक्र'च्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. त्यातील शीर्षककथेचा नायक आपल्यासारखाच नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी माणूस आहे. तो रेल्वेत नोकरीस लागून सुरतेजवळच्या उधन्याला जातो, आणि जात लपवून बिऱ्हाड करतो. पुढे जात उघडी पडते आणि तो मार खातो. साहेबाने घातलेल्या लोहमार्गाने त्याला गावाबाहेर काढले, पगार दिला. पण चार भिंतींचे बिऱ्हाड जातीनेच मोजून द्यावयाचे, हा आपला जुना कायदा लोहमार्गाच्या टोकालाही त्याच्यापुढे हजर होता. बागुलांचे मोठेपण असे की परक्या सत्तेवर सारा दोष टाकून आपणांस मोकळे होण्याची सवड ते देत नाहीत. वसाहतीच्या वारशाची चर्चा करणाऱ्याने ही कथा प्रथम वाचावी.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (1965) या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी अश्लीलतेचा आरोप करून मोठे वादळ उठविले. आज ते वादळ शमले आहे आणि पुस्तक टिकले आहे. त्याचे कारण भाषा. पोक्या हा निवेदक नाक्यावरच्या टोळक्यातलाच एक. तो कोणाची दया मागत नाही, आणि आपल्या बोलीला सभ्य मराठीचे इस्त्रीचे कपडे घालीत नाही. नोंदवहीत ज्याची नोंद 'उनाड' अशी झाली असती, तो येथे स्वतःच नोंद करणारा झाला आहे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्ववत झाले नाही. जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहास 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, हे ज्ञात असलेल्यास या शीर्षकातील उपरोध सांगावा लागत नाही. पवार वास्तवाला अद्भुताची जोड देतात. ज्या माणसांचा पुरावाच जमिनीबरोबर विकला गेला, त्यांची गोष्ट निव्वळ कागदोपत्री वास्तवात मावत नाही, हे त्यामागचे कारण आम्हांस पटते.

या परंपरेत एक उणीव आहे. पाडकामाची नोटीस येते, पण तीवर सही करणारा माणूस बहुधा सावलीसारखाच राहतो. धरणग्रस्तांच्या संदर्भात विश्वास पाटील यांनी 'झाडाझडती' (1991) लिहून दाखविले की शासकीय सेवेतील लेखक आतले यंत्र उघडू शकतो. त्या काळी भूसंपादन चाले ते 1894 च्या कायद्याने. तो जाऊन नवा कायदा 2014 मध्ये अमलात आला. शहरातील झोपडीच्या फायलीची, त्या फायलीवर शेरा लिहिणाऱ्या हाताची तशीच प्रामाणिक कादंबरी आम्हांस अद्याप मिळालेली नाही. सही करतानाचा क्षणभराचा थांबा, वरून आलेला निरोप, घरी परतल्यावरचे मौन, हे सारे ज्यांना ठाऊक आहे, असे लोक या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांनी निवृत्तीनंतरच्या आठवणींत बदल्या आणि बढत्यांची यादी देण्याऐवजी हे लिहावे. त्यात लेखकाची बाजू उजळ दिसेलच असे नाही; तरीही ते लेखन आम्ही आवडीने छापू.