खूण केलेला बेडूक पुढे कसा वागतो?

माहूरच्या डोंगरात पहिला दणदणीत पाऊस पडला की डबक्यांत पिवळेधमक नर बेडूक ओरडायला लागतात. ते आहेत किती, हे मोजायचं तर अभ्यासकाला ओळखीची खूण करावी लागते. एक जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे बोटांची टोकं छाटणं. कुठलं बोट छाटलं यावरून बेडकाचा नंबर ठरतो. या खुणेने बेडकाचं काय होतं, हे तपासण्याची जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल आज आम्हाला बोलायचं आहे.

आता हिशेब बघा. समजा, ५० बेडकांवर खूण करून सोडले. पुढच्या खेपेला ५० पकडले, त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे एकूण साधारण २५०. पण खुणेमुळे काही मेले, काही बुजून लपले आणि १० ऐवजी ५ च सापडले, तर तोच हिशेब ५०० सांगतो. बेडूक कमी झाले आणि आकडा दुप्पट फुगला! आंबोलीच्या परिसरातच सापडणारा, २००९ मध्ये नव्याने नोंदला गेलेला वाघपट्टी भेक अतिसंकटग्रस्त मानला जातो. अशा जातीबाबत फुगलेला आकडा म्हणजे खोटा दिलासा.

ही भीती पोकळ नाही. मॅकार्थी आणि पॅरिस या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये आधीच्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले. पहिल्या बोटानंतर छाटलेल्या प्रत्येक बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याचं प्रमाण ४ ते ११ टक्क्यांनी घटतं, असं त्यांना दिसलं. यावर वादही झाला. छाटलेल्या बोटातून वय आणि डीएनए कळतो, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा खोटा नाही. पण बेडूक पुन्हा सापडला नाही, एवढ्यावरून तो मेला की बुजला हे कळत नाही. आणि सापडला म्हणजे ठणठणीत आहे, असंही नाही.

म्हणून वागणूक बघायला हवी. तो किती लांब उडी मारतो? भक्ष्य पकडतो का? रात्री ओरडतो का? नराला मादीला घट्ट धरून ठेवता येतं का? त्या पकडीसाठी त्याच्या पुढच्या पायाच्या अंगठ्यावर खरखरीत गादी असते. तो अंगठाच छाटला तर काय होणार? आपल्या न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक तर बोटांच्या टोकांवरच्या चकत्यांच्या जोरावर चढतो. त्याला नुसतं जमिनीवर उडी मारायला लावून ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणजे माशाला जमिनीवर चालवून बघण्यासारखं आहे.

पण वागणुकीची परीक्षाही नीट घेतली पाहिजे. डब्यात तासभर गप्प बसलेला बेडूक ‘शांत’ आहे, असं लिहून मोकळं होतात. अहो, घाबरलेला बेडूकही गप्पच बसतो! शिवाय हातात धरणं हाच एक धक्का असतो. म्हणून तीन गट हवेत: हात न लावलेले, नुसते पकडून सोडलेले आणि खूण केलेले. बघणाऱ्याला कोणता गट कोणता हे शक्यतो माहीत नसावं. निरीक्षण एका रात्रीत न आटोपता पुढच्या रात्रींतही चालू राहावं, आणि तेही शक्यतो डबक्याकाठीच.

दुसरे मार्गही आहेत. कातडीखाली रंगीत सिलिकॉनची रेघ भरता येते, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवता येते. तीही छोट्या बेडकाला जडच. अंगावर ठळक नक्षी असेल तर फोटोवरूनच ओळख पटते, पण एकरंगी बेडकाला ते लागू नाही. एकच पद्धत सगळ्यांना चालणार नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. पैनगंगेच्या काठी उद्या कोणी विद्यार्थी बेडूक मोजायला उतरला, तर त्याला दोन वह्या द्या. एकीत आकडे, दुसरीत वागणूक. दुसरी वही कोरी असेल, तर पहिलीवर विश्वास ठेवू नका.