अध्यापनातील डिजिटल साधने आणि मातृभाषा : परितेवाडीच्या प्रयोगाचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या युगात खडू-फळ्याच्या जोडीला प्रोजेक्टर, स्लाइड, चित्रफीत व ध्वनिफीत आली. मात्र साधन बदलले म्हणजे अध्यापन बदलले काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचा प्रयोग पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
रणजितसिंह डिसले २००९ मध्ये या शाळेत रुजू झाले. विद्यार्थिनींची मातृभाषा कन्नड होती. पाठ्यपुस्तके त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी कन्नड शिकून घेतली, पहिली ते चौथीच्या पुस्तकांची त्या भाषेत पुनर्रचना केली आणि क्यूआर कोडद्वारे त्यांना कवितांच्या ध्वनिफिती, पाठांच्या चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय जोडले. २०१७ मध्ये राज्य शासनाने क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तकांची घोषणा केली. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली.

या प्रयोगाचा गौरव प्रामुख्याने 'क्यूआर कोडचा प्रयोग' म्हणून झाला. येथेच मूल्यमापनाची दिशा चुकते. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीने हा कोड मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी विकसित केला. त्याच्या ठायी शैक्षणिक गुण असा काही नाही. तो केवळ आशयापर्यंत नेतो. तो आशय विद्यार्थ्याला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर कोड असून नसल्यासारखाच. कोड सर्व पुस्तकांवर छापता येतो. विद्यार्थ्यांची भाषा शिकण्याचे शिक्षकाचे परिश्रम छापता येत नाहीत.

महाविद्यालयांनाही हे लागू पडते. सोलापुरात घरी कन्नड, तेलुगू वा उर्दू बोलणारे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. त्यांच्यापुढे इंग्रजी परिच्छेदांनी भरलेली स्लाइड वाचून दाखवणे म्हणजे जुन्या 'नोट्स' देण्याचेच नवे रूप होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने ई-आशयनिर्मितीस गुण दिले. परंतु त्या आशयाने विद्यार्थ्याची नेमकी कोणती अडचण दूर झाली, याची विचारणा झाल्याखेरीज अशी निर्मिती कागदोपत्रीच राहण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
साधननिर्मितीपूर्वी विद्यार्थी कोठे अडतो याची नोंद घ्यावी. अवघड संकल्पनेचे घरच्या भाषेतील छोटे ध्वनिरूप स्पष्टीकरण विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घेऊन प्राध्यापकांनी ते तपासावे. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. साधा मोबाइल पुरेसा आहे. परितेवाडीचा खरा धडा यंत्राचा नसून विद्यार्थ्याच्या भाषेपर्यंत स्वतः चालत जाणाऱ्या शिक्षकाचा आहे.